रेघेआतली चूल

नीराबाईचं माहेर मांडव्याचं. लग्न होऊन ती कोटपाड्यात आली तेव्हा तिला सगळ्यात नवल वाटलं ते सासरच्या घराच्या मागच्या भिंतीचं. पुढची आणि बाजूच्या भिंती कुडाच्या होत्या, कारवीवर शेणमाती लिंपलेल्या, तिच्या माहेरच्या घरासारख्याच. मागची भिंत मात्र काळ्या दगडाची. ती चांगली हातभर नव्हे, दोन पुरुष जाड होती, आणि आढ्याच्याही वर सरळ निघून गेली होती. ती भिंत घराची नव्हतीच मुळी, फिरंग्यांच्या जुन्या कोटाची होती. कोट बांधणारे केव्हाच गेले, आत रान माजलं, आणि मग कधीतरी कोळ्यांची थोडी घरं समुद्राच्या वाऱ्याला आडोसा म्हणून त्या तटाला आतल्या अंगाने टेकून उभी राहिली. आपल्याला एक भिंत फुकट मिळाली, असं तिचा सासरा हसून सांगायचा. तो नीराबाईच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला.

घरात मग तिघंच राहिली. नवरा शिवदास मचव्यावर तांडेल होता, म्हणजे मचवा त्याच्या हुकमाने चालायचा. तो बोलायचा कमी, आणि बोलला तर वाऱ्याबद्दल किंवा जाळ्याबद्दल. सासू सोनूबाई बोंबील सुकवण्यात वाकबगार. सासूसुनांचं चांगलं जमायचं. नीराबाईला मूल झालं नाही, त्यावरून सोनूबाई तिला कधी टोचून बोलली नाही.

चूल अगदी मागे होती, त्या दगडी भिंतीला लागून. जळण म्हणजे नारळाची सोडणं, झावळ्यांचे दांडे, सुरूची ओलसर लाकडं. धूर उठायचा, भिंतीवर आपटायचा आणि तिथेच घोटाळत राहायचा. तो पुढच्या दाराने बाहेर पडेपर्यंत चुलीशी बसलेल्या बाईचे डोळे लाल होऊन जायचे. पण सगळ्याच घरांत तसंच होतं, म्हणून कोणी त्याची गोष्ट करत नसे.

सत्तावीस सालाच्या सुमारास एका हिवाळ्यात कोटपाड्यात सरकारची माणसं आली. त्यांच्याकडे साखळी होती, दोरी होती, चुन्याची बादली होती. त्यांनी तट मोजला, बुरुज मोजले, वेशीच्या कमानीखाली उभं राहून बराच वेळ वर पाहिलं. मग कमानीजवळ एक निळा पत्रा ठोकला, त्यावर पांढरी अक्षरं. कोट सरकारने राखला आहे, असं त्यावर लिहिलं होतं. तटापासून ठरलेल्या अंतरापर्यंत कोणी नवं बांधू नये, होतं ते बदलू नये, पाडू नये, खणू नये. ते ठरलेलं अंतर कुठवर येतं हे दाखवायला त्यांनी वस्तीच्या दोन टोकांना दोन दगड पुरले आणि मधे दोरी ताणली.

दोरी नीराबाईच्या घराशी आली आणि थांबली. मग त्या माणसांनी नम्रपणे विचारून ती घरात घेतली. एका बाजूचा कूड सुटा करून दोरी आत आली, दुसऱ्या बाजूने बाहेर गेली आणि तिच्याखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्यांनी चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या पुढे ओटी आणि झोपायची जागा. रेघेच्या मागे चूल, पाण्याचे हंडे आणि भिंत. पुढच्या भागात तुम्हाला काय करायचं ते करा, एक माणूस म्हणाला, पण इथून मागे काही बदलायचं नाही.

नीराबाई रेघेच्या अलीकडे उभी होती. तिला ओलांडून पलीकडे जावं की न जावं हेच कळेना. सोनूबाईने मात्र माणसं बाहेर पडताच रेघ ओलांडली आणि भाताला आधण ठेवलं.

पुढच्या अमावस्येला नीराबाईने नेहमीसारखं घर सारवलं. सारवून झालं, जमीन वाळत आली, आणि तिच्या लक्षात आलं की रेघ पुसली गेली. सरकारची रेघ आपण शेणाखाली घातली. तिने घाईघाईने रांगोळी घेतली आणि आठवेल तशी रेघ पुन्हा ओढली. मग ती थोडी पुढे आली की मागे गेली, याचा विचार करत राहिली. पुढे आली असेल तर आपण आपलीच जागा सरकारला दिली. मागे गेली असेल तर सरकारची घेतली. शेवटी तिने चौकीदाराला बोलावून आणलं.

चौकीदार म्हणजे चांगदेव. तो उरणकडचा आगरी, मिठागरातल्या घराण्यातला. कोटाची राखण करायला सरकारने त्याला नेमलं होतं. खाकी कोट आणि पितळी बिल्ला घालून तो कमानीजवळच्या खोपीत बसायचा. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण पत्र्यावरची चारही वाक्यं त्याने कोणाकडून तरी वाचून घेऊन पाठ केली होती. तो आला, रांगोळीची रेघ पाहिली, खाली बसून एका डोळ्याने तिच्या दिशेने पाहिलं.

"रेघ पुसू नये असं पत्र्यावर न्हाय, वयनी," तो म्हणाला. "पन रेघ काढावी असं पन न्हाय."

मग चांगदेवने सुचवलं की दोन दगड जागेवर आहेत तोवर रेघेची चिंता नको. रांगोळी राहू दे, आपोआप जाईल.

खरा गोंधळ सुरू झाला तो छपरांवरून. दर वर्षी पावसाआधी झावळ्या काढून नव्या घालायच्या, हा सगळ्यांचा रिवाज. आता नव्या झावळ्या म्हणजे बदल की नाही? चांगदेवला ठाऊक नव्हतं. तो अलिबागेला जाऊन विचारून आला. उत्तर असं मिळालं की जसं होतं तसंच पुन्हा करायला हरकत नाही, वेगळं करायचं नाही. शेजारची मनुबाई पैसे जमवून नुकतीच कौलं घालून बसली होती. तिला ती उतरवावी लागली, कारण कौलं हे वेगळं. तिने रडत रडत पुन्हा झावळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी दुसरा एक अंमलदार पाहणीला आला, तटाला टेकलेल्या झावळ्या पाहिल्या आणि भडकला. एक ठिणगी पडली तर सगळा तट काळा होईल, इथे कौलं का नाहीत, असं त्याने मनुबाईलाच विचारलं. मनुबाईने तोंडाला पदर लावला आणि घरात गेली. त्या वर्षी ती कोणाशी धड बोललीच नाही.

याच दिवसांत सोनूबाईचा उजवा डोळा गेला. एकाएकी नाही. आधी तिला बोंबलांच्या रांगेत मधे मधे जाळं लावल्यासारखं दिसायला लागलं, मग दिव्याभोवती कडं, मग त्या बाजूने कोणी आलं की कळेना. शिवदासने तिला अलिबागेच्या डाक्तरकडे नेलं. डाक्तरने डोळा उघडून पाहिला, बाई चुलीशी किती बसते ते विचारलं आणि सांगितलं की हा डोळा आता यायचा नाही, पण दुसरा वाचवायचा असेल तर धुरात बसू नका.

आता धुरात न बसता कसं राहायचं? चूल नीराबाईने आपल्याकडे घेतली, पण घर एवढंएवढंसं, धूर सासूपर्यंत जायचाच. पावसाळ्यात तर दार लावूनच बसावं लागे. चूल पुढे ओटीवर न्यावी, तर तिकडे दक्षिणेचा वारा आणि झावळ्या खाली आलेल्या. छप्पर उंच केल्याशिवाय तिथे चूल पेटवणं म्हणजे घर पेटवणं. छपराचं मागलं अर्धं तर रेघेच्या आत, त्याला हात लावायचा नाही. पुढचं अर्धं उंच केलं आणि मागचं तसंच ठेवलं, तर पाणी सगळं मधे, झोपायच्या जागी. नीराबाई आढ्याकडे पाहत बसायची आणि तिचं डोकं दुखायला लागायचं.

एके दिवशी सोनूबाई म्हणाली की पूर्वी या घरात एवढा धूर नव्हता. मागच्या भिंतीत भोक होतं. फिरंगी त्यातून तोफ डागायचे म्हणे. ती नवी सून होती तेव्हा त्या भोकातून समुद्र दिसायचा, मचवे दिसायचे, आणि धूर सगळा त्यातून बाहेर जायचा. मग एका वर्षी वादळात वारा त्यातून उलटा आत घुसला, चुलीतल्या ठिणग्या उडाल्या, छप्पर पेटता पेटता राहिलं. दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याने दगडमातीने ते आतून बुजवून टाकलं.

नीराबाईने काजळी खरवडली. हंड्यांच्या मागे, छातीच्या उंचीवर, खरंच वेगळे दगड होते. तटाचे दगड चुन्यात बसवलेले, घट्ट. हे मातीत बसवलेले, लहान, कुठे कुठे हलणारे. तिने एकावर हात ठेवला. पलीकडे समुद्र होता आणि तिला तो दगडातून ऐकू आला, की तसं वाटलं, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

ती चांगदेवकडे गेली. भोक उघडायचं आहे असं सांगितलं. चांगदेवने पत्र्याचं वाक्य म्हटलं: होतं ते बदलू नये. नीराबाई म्हणाली की होतं ते भोकच होतं, बुजवलं तो बदल. चांगदेव विचारात पडला. म्हणजे भोक बुजवणं हा गुन्हा झाला. पण बुजवणारा मेलेला, आणि बुजवलं तेव्हा पत्रा नव्हता. बरं, पत्रा लागला तेव्हा भिंत बंद होती. मग राखायची ती कोणती भिंत, फिरंग्यांची की सासऱ्याची? त्याने बिल्ला काढून हातात घेतला, परत लावला.

"वयनी, माजं काम राखायचं हाय," तो शेवटी म्हणाला. "काय राखायचं ते वरचे सांगतील."

त्या रात्री जेवताना नीराबाईने हे सगळं शिवदासला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हात धुतला, उठून कोपऱ्यातली पहार आणली आणि हंडे बाजूला करायला लागला. त्याला भोक उघडायला घटकाही लागली नसती. नीराबाई मधे आली. बाजूच्या वाडीत कोणी तटाचा एक दगड काढून उंबऱ्याला लावला होता, त्याला कोर्टात उभं केलं होतं, हे तिने ऐकलं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून भीती जास्त वाटायची. घर गेलं तर आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीला घेऊन कुठे जायचं?

"इचारून करू," ती म्हणाली. "इचारलं तर न्हाय कशाला म्हनतील? आपुन कायच नवं मागत न्हाय."

शिवदासने पहार परत कोपऱ्यात ठेवली. तो रागावला नाही. पण त्याने पुन्हा कधी तो विषय स्वतःहून काढला नाही.

नीराबाई अलिबागेला गेली. तीस साल होतं, मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम चाललेली, कचेरीच्या आवारात पोलीसच पोलीस. ती सुकटीची पाटी घेऊन नेहमी बाजारात यायची, पण कचेरीत कधी शिरली नव्हती. एका कारकुनाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की भिंतीला भोक पाडायला परवानगी मिळणार नाही. पाडायचं नाही, उघडायचं आहे, असं ती म्हणाली. त्याच्या शेजारचा कारकून मान वर करून म्हणाला की जुनं होतं तसं करणं हे तर सरकारला हवंच आहे, यात नाही म्हणण्यासारखं काय? मग त्या दोघांतच वाद लागला. पहिला म्हणत होता की आज आहे ती स्थिती राखायची. दुसरा म्हणत होता की मूळ होती ती. नीराबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिली. तिला दोघांचंही पटत होतं. शेवटी दोघांनी मिळून तिला सांगितलं की हे पुण्याला विचारावं लागेल. त्यांनीच अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला.

पुण्याहून काही आलं नाही. पावसाळा गेला, दर्यात होड्या लोटल्या, पुन्हा उन्हाळा आला. ती बाजारात आली की कचेरीच्या दाराशी डोकावायची आणि कारकून लांबूनच हात हलवायचा, अजून नाही. असाच दुसरा पावसाळाही गेला. त्या पावसाळ्यात घर दिवसेंदिवस बंद राहिलं, जळण ओलं, आणि सोनूबाईचा दुसरा डोळा मंद होत गेला. दिवाळीत तिने नीराबाईला विचारलं की पणत्या लावल्या का. पणत्या तिच्यासमोरच जळत होत्या.

नीराबाई त्यानंतर कित्येक दिवस त्या बुजवलेल्या दगडांकडे पाहायची नाही. हंडा उचलताना मान वळवायची. कोणी तिला बोललं नाही, शिवदासही नाही, पण तिच्या मनात सारखं यायचं की पहार अडवली नसती तर. मग वाटायचं, अडवली नसती आणि घर गेलं असतं तर. दोन्ही विचार एकामागून एक यायचे आणि कुठलाच टिकायचा नाही.

बत्तीस सालच्या थंडीत एक मोठा साहेब आला. मराठी माणूसच, पण डोक्यावर साहेबी टोपी. त्याला कोटाचं खरंखुरं प्रेम होतं हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. ओहोटीला तो बाहेरच्या अंगाने खडकांवरून तटाच्या कडेकडेने फिरला, तोफांची भोकं मोजत. मग आत येऊन वस्तीतून फिरत पुन्हा मोजली. बाहेर होती त्यापेक्षा आत एक कमी भरलं. त्याने परत मोजलं. मग तो थेट नीराबाईच्या घरात आला.

हंड्यांच्या मागचे दगड त्याला लगेच दिसले.

"हे कोणी बुजवलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला होता.

चांगदेव मागे उभा होता, तो पुढे येऊन म्हणाला की बाईच्या सासऱ्याने, पत्र्याच्या आधी. साहेब म्हणाला की ते काही असो, संरक्षित इमारतीचा हा भाग बिघडवला आहे आणि तो ताबडतोब मोकळा झाला पाहिजे. नाहीतर घरवाल्यांवर इलाज करावा लागेल. नीराबाईला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. तिने चांगदेवकडे पाहिलं. तोही तोंड उघडं ठेवून साहेबाकडे पाहत होता.

"सायेब, आमी दोन वर्सं तेच इचारतोय," ती म्हणाली.

साहेबाला कुठल्याच अर्जाची खबर नव्हती. तो तेवढ्यात काजळीने काळ्या झालेल्या भिंतीकडे वळला होता. त्याने बोटाने काजळी पुसून पाहिली, खाली चुलीकडे पाहिलं, आणि दुसरा हुकूम दिला. चूल इथून हलली पाहिजे. या धुराने तट खराब होतो आहे. भोक उघडा आणि चूल काढा, दोन्ही. चूल पुढे न्यायची तर छप्पर उंच करावं लागतं, असं नीराबाईने कसंबसं सांगितलं. साहेब म्हणाला की मग करा, अख्खं करा, कौलं घाला, माझी परवानगी आहे, चौकीदार साक्षीला आहे.

तो गेल्यावर नीराबाई ओटीवर बसून राहिली. मनुबाई विचारायला आली की काय झालं, पाडतात का घर. नीराबाई म्हणाली की नाही, भोक उघडायला सांगितलं. मनुबाई म्हणाली की मग बरंच झालं की. नीराबाई म्हणाली की व्हय, पण चूल काढायला सांगितली. मनुबाई म्हणाली की मग भोक कशाला हवं?

शिवदासने दुसऱ्या दिवशी पहारीने दगड मोकळे केले. चांगदेव बिल्ला लावून शेजारी उभा राहिला, सरकारच्या वतीने. शेवटचा दगड आत ओढला तसा पलीकडून वारा भसकन आला, जुनी माती आणि काजळी सगळ्यांच्या अंगावर उडाली. मग उजेड आला. त्या खोलीत नीराबाईने इतक्या वर्षांत दिवसाचा उजेड पाहिला नव्हता. तो तिरका येऊन भिंतीशी बसलेल्या सोनूबाईच्या तोंडावर पडला. सोनूबाईला तो कळला नाही. तिने नाक वर करून हुंगलं आणि विचारलं की भरती लागली का. शिवदासने भोकातून पाहिलं आणि सांगितलं, लागतेय.

छप्पर उंच झालं, चूल ओटीवर गेली, धूर अंगणात जायला लागला. नीराबाईच्या डोळ्यांची लाली महिन्या-दोन महिन्यांत ओसरली. सोनूबाईची वाकळ त्या भोकाखाली घातली गेली. ती दिवसभर तिथे बसून वाऱ्यावर येणारे आवाज ऐकायची, कोणाचा मचवा आला, कोण कोणाला हाका मारतंय, ते घरात सांगायची. ती त्या जागेवर खुशीत होती, यात शंका नाही. पण नीराबाईला तिला तिथे बसलेली पाहून बरं वाटायचं आणि त्याच वेळी नको वाटायचं.

एकदा सोनूबाईचे केस विंचरताना तिने विचारलं, "आये, मी त्यांना त्या दिशी आडवलं ते चुकलं का?"

सोनूबाईने तोंड भोकातल्या वाऱ्याकडे वळवलं.

"तवा फोडलं असतं तर घर गेलं असतं कदाचित," ती म्हणाली. "आता फोडलं तर चूल गेली. मला काय कळतंय पोरी? वारा येतोय, येवढं बरं हाय."

पस्तीस साली श्रावणात सोनूबाई वारली. झोपेतच गेली.

पुढच्या वर्षी नवी मोजणी आली. या वेळी एक तरुण ओव्हरसियर होता, चष्मेवाला, पुण्याकडचा, तिपाईवर दुर्बीण ठेवून बघणारा. दोन दिवस तो मोजत होता आणि तिसऱ्या दिवशी नीराबाईच्या ओटीवर येऊन टेकला. जुनी रेघ चुकली होती, असं त्याने सांगितलं. अंतर तटाच्या बाहेरच्या अंगापासून धरलं होतं, ते आतल्या अंगापासून धरायला हवं. तटाची जाडी एवढी, म्हणून रेघ तेवढी पुढे सरकते. नीराबाईने ती कुठवर येते ते विचारलं. त्याने अंगणातल्या शेवग्याकडे बोट दाखवलं.

"मंग ही चूल?"

"ती आत आली," तो म्हणाला. त्यालाच ते सांगताना ओशाळल्यासारखं झालं होतं. "आणि ही कौलं. कौलं कोणी घालायला सांगितली?"

नीराबाईने सांगितलं. चांगदेव साक्षीला होता, पण चांगदेव वर्षापूर्वीच नोकरी सोडून उरणला गेला होता आणि नव्या चौकीदाराला काही ठाऊक नव्हतं. तो साहेबही आता दुसऱ्या प्रांतात होता. ओव्हरसियरने चष्मा काढून पुसला.

नीराबाईने त्याला शहाळं दिलं. तो पाणी पीत होता तोवर ती त्याच्यासमोर खाली बसली. तिला भांडायचं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"दादा, तुमी शिकलेले हाव," ती म्हणाली. "मला येक जागा दावा. तुमी पाय ठेवाल तिथं मी चूल मांडते."

तो उठला. त्याने हे मनापासून घेतलं. आधी तो मागच्या खोलीत गेला, भोकाखाली उभा राहिला, आणि स्वतःच मान हलवून परत आला, कारण तिथे तर काजळी नकोच. मग ओटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभा राहिला, पण ती जागाही रेघेच्या आत, आणि चूल हलवणं हाही बदलच. मग अंगणात शेवग्यापाशी गेला. शेवग्याच्या पलीकडे रेघेची हद्द संपत होती, पण तिथून वस्तीची वाट जात होती, आणि वाटेवर कोणाची चूल असणार? तो वाटेच्या कडेला उभा राहून घराकडे पाहत राहिला, मग तटाकडे, मग आपल्या दुर्बिणीकडे. ऊन चढलं होतं. नीराबाई ओटीवरून त्याच्याकडे पाहत होती आणि तिला त्याची दया आली. तिला वाटलं, याला आता जेवायला थांब म्हणावं, पण तो आपल्यातलं खाणारा नसावा.

तो परत आला आणि म्हणाला, "बाई, आहे तिथेच राहू द्या. मी वर विचारून कळवतो."

त्याने कळवलं की नाही कोणास ठाऊक. कोटपाड्यात तरी काही आलं नाही. सामान बांधून तो दुपारी निघून गेला. जाताना त्याने पुन्हा वळून पाहिलं, हे मात्र नीराबाईला दिसलं.

संध्याकाळी शिवदास मचव्यावरून आला. त्याने हातपाय धुतले, चुलीपुढे बसला आणि विचारलं की तो मोजणीवाला काय म्हणाला. नीराबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि सांगायला लागली. रेघ पुढे आली, कारण ती मागे धरली होती. नाही, मागे नाही, बाहेर. तटाच्या बाहेर धरली होती, म्हणून आत आली. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, आणि कौलांपाशी येऊन पुन्हा अडकली. शिवदास ऐकत होता. भाकरीला काळे डाग पडायला लागले तेव्हा त्यानेच ती हाताने उलटली. नीराबाई म्हणाली की जेवून सांगते, आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.